धाग्यात चढणारा दाणा

आमच्या घरात कापसाचं फूल तोडलेलं चालत नसे. जास्वंद तोडा, शेवंती तोडा, कुणाच्या कुंपणावरचा गुलाब चोरून आणा, कुणी काही म्हणत नसे. पण कापसाच्या झाडाच्या, पऱ्हाटीच्या, फुलाला हात लागला की बाबांचा आवाज शेताच्या बांधापासून, आमच्या भाषेत धुऱ्यापासून, विहिरीपर्यंत जाई. "फूल नाही तोडलं तू, बोंड तोडलं माह्यं!" हे म्हणताना त्यांचा चेहरा असा होई, जणू कुणी त्यांच्या ताटातली भाकर उचलली आहे. त्यामुळे ज्या फुलांवर आमचं घर जगलं, ती फुलं मी लहानपणी नुसती पाहिली. पहिल्या दिवशी सायीसारखी, दुसऱ्या दिवशी लाजल्यासारखी तांबडी, आणि मग गळून मातीत. हातात घेऊन उलगडलेलं कापसाचं फूल मला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

आमचं गाव दिग्रसपासून बसने थोडं पुढे. वारा तिकडून असला की तिथल्या जिनची, सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीची, घरघर गावापर्यंत ऐकू येई, आणि ती ऐकू आली की बाबा जेवताजेवता थांबत आणि नुसत्या आवाजावरून, आज गाड्या जास्त आल्या की कमी, याचा अंदाज बांधत. हंगामात पुढची खोली कापसाने आढ्यापर्यंत भरलेली असे. आम्ही पोरं त्यावर उड्या मारायचो, त्यातच झोपायचो आणि सकाळी अंगभर खाज घेऊन उठायचो. माय चुलीवर ज्वारीची भाकर थापत असे, बाजूला अंबाडीची भाजी कण्या घालून रटरटत असे, वर लसणाची फोडणी. तो आंबटसर वास आणि कापसाचा कोरडा, नाकात बसणारा वास हे दोन वास माझ्यासाठी आजही एकच आहेत. माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात अंबाडी शिजली की मला शिंक येते.

बाबा तिसरीपर्यंत शिकलेले. पण कापसाचा पुंजका दोन अंगठ्यांत धरून, ओढून, मोडून, पुन्हा ओढून ते धाग्याची लांबी सांगत आणि व्यापारी मुकाट मान डोलावत. सौदा करावा तर त्यांनी. समोरचा चिडेपर्यंत थांबायचं, चिडला की हसायचं, हसला की उठून चालू लागायचं. हे सगळं मी त्यांच्या मागे उभी राहून शिकले. रागही त्यांचाच उचलला. आज बाजारात लोक मला घाबरतात, बियाण्याच्या कंपनीची पोरं माझ्या दुकानाची पायरी चढण्याआधी शर्ट नीट करतात, ती सारी त्यांची शिकवण. आणि माझी तक्रारही त्यांच्यावरच आहे. ती मी आजवर कुणापाशी नीट मांडली नाही, म्हणून हे लिहिणं.

यवतमाळच्या कॉलेजात आम्हाला वनस्पतिशास्त्राला ठोसर मॅडम होत्या. तिशीच्या, बारीक, चष्मा डोक्यावर ढकलून मग वर्गभर शोधणाऱ्या. चांगला सूक्ष्मदर्शक त्यांच्या कपाटात कुलपात असे आणि किल्ली पदराला. एकदा त्यांनी आम्हाला मोहरीच्या कोवळ्या मुळावरचे केस दाखवले. प्रत्येक केस म्हणजे एकच पेशी, लांब वाढलेली. पुस्तकात पेशी म्हणजे चौकोनी डबी आणि केंद्रक म्हणजे मधोमध ठेवलेली सुपारी. इथे ती सुपारी जागेवर नव्हतीच. केस जसा पुढे वाढला तशी ती तळ सोडून केसात शिरली होती.

"मॅडम, हे सरकलं कसं?" मी विचारलं.

"चित्रात मधोमध काढतात ते आपल्या सोयीसाठी," त्या म्हणाल्या. "जिवंत पेशीत केंद्रक जिथे काम असेल तिथे जातं. वाढणारा जीव आपली केंद्रकं अशीच हलवतो, ज्याला त्याला त्याच्या जागी नेऊन बसवतो."

"पण नेतं कोण?"

"ते मलाही पुरतं माहीत नाही."

शिक्षक असं बोलू शकतो हे मला नवीन होतं. त्याच तासाला त्या सहज बोलून गेल्या की कापसाचा धागा हासुद्धा एक केसच, सरकीच्या सालीची एकेक पेशी लांब होऊन एकेक धागा होतो. आढ्यापर्यंत भरलेली ती खोली! मी शनिवारी घरी गेले, पिशवीभर कापूस घेऊन आले आणि पुढचे कित्येक दिवस त्यात केंद्रक शोधत बसले. दिसायची ती एक चपटी, पिळवटलेली, रिकामी फीत. मी रंग बदलला, काच बदलली, डोळा बदलला. काही नाही. शेवटी मॅडमनी वाकून पाहिलं आणि हसू दाबत त्या म्हणाल्या, "अगं विमल, हा मेलेला आहे. बोंड फुटायच्या आधीच आतला जीव संपतो. उरते ती नुसती भिंत. तुम्ही विकता ती भिंत."

कापसाच्या घरातली पोरगीच ही चूक करू शकते. आमच्यासाठी कापूस सुरू होई तोच बोंड फुटल्यावर. त्याआधी होती ती पऱ्हाटी, फवारणी, निंदण, काळजी. जिवंत कापूस पाहायचा तर फुलाच्या पोटात पाहायला हवा होता, आणि फूल तोडणं आमच्याकडे पाप.

तिथून माझ्या आयुष्यातला पहिला सौदा सुरू झाला. मी बाबांकडे धुऱ्याकडची पऱ्हाटीची एक ओळ मागितली.

"एक ओळ कायले? पूजा करतं का?"

"फुलं तोडाले."

त्यांनी बिडी खाली ठेवली. "शिकून राह्यली का इसरून राह्यली तू?"

मी चिडले नाही. ते चिडेपर्यंत मी थांबले. मग हसले. मग उठून चालू लागले. मी विहिरीपाशी पोहोचले तेव्हा मागून आवाज आला, "अवं विमे! धुऱ्याची घे. तिथं तसंही डुकरं येतात." माय दारातून सारं ऐकत होती. "घ्या," ती म्हणाली, "तुमचंच औषध तुमाले."

सकाळी दवात भिजलेल्या ओळीत मी उभी. आज उमललेल्या फुलाला मायच्या गोधडीतला पांढरा दोरा, कालच्याला लाल. एकेक फूल खुडून ओल्या फडक्यात, फडकं पितळी डब्यात, डबा मांडीवर घेऊन दिग्रसला आणि तिथून यवतमाळच्या बसमध्ये. कंडक्टरला वाटे डब्यात खायचं आहे. "काय देता ताई आज?" तो विचारी. एकदा मी झाकण उघडून दाखवलं तर तो ओरडलाच, "आईशप्पथ, फुलं खाता तुमी?"

आणि मग मॅडमच्या खोलीत, खिडकीजवळ, फुलाच्या तळचं ते इवलंसं हिरवं बोंड चिरून आतली कोवळी सरकी काचेवर. पांढऱ्या फुलाच्या दिवशी तिची साल गुळगुळीत नसते. काही पेशी फुगून बाहेर येऊ लागलेल्या असतात, पहाटेच्या पानावरच्या दवासारख्या. रंगाचा थेंब दिला की केंद्रकं लाल दिसत, अजून तळाशी, जणू उंबऱ्याच्या आत उभी. लाल फुलाच्या दिवशी ती फुगवट्यात आलेली. पाकळ्या गळाल्यावर पाहावं तर फुगवट्याचा धागा झालेला आणि केंद्रक धाग्यात, तळ सोडून निघालेलं. पण टोकाला नाही. टोक पुढे पळत होतं आणि ते मागे, कुठेतरी मधे. रंग न देता, नुसत्या पाण्यात ठेवलं की धाग्याच्या आतले बारीक कण मुंग्यांच्या रांगेसारखे धावताना दिसत आणि त्यांच्यात ते फिकट केंद्रक, आषाढातल्या ढगासारखं, हललं की नाही असं वाटेपर्यंत हललेलं असे. मी तासन्‌तास पाहत बसे. मला वाटे, आपल्या घरात एवढा कापूस आला आणि गेला, आणि हे कुणी पाहिलंच नाही.

मॅडम म्हणाल्या, "तू नागपूरला एम.एस्सी. कर. माझे गुरू तिथे आहेत, मी बोलते. हा प्रश्न सोडू नकोस."

मी घरी सांगितलं. बाबा वांग्याच्या भाजीत भाकर कुस्करत होते.

"नागपूरले कायले?"

"केंद्रकाले कोन नेते थे पाह्याले."

"कोनाले कोन नेते?"

मी समजावलं. ते ऐकत होते, अगदी मनापासून, कारण कापसाचं काहीही ते मनापासूनच ऐकत. मग म्हणाले, "म्हंजे धाग्यात दाणा चढते. आन मी एवढ्या वर्षांत नाही पाह्यला. जे दिसत नाही त्याच्यापायी पोरगी नागपूरले धाडू?"

"दिसते, बाबा."

"मले दिसल तं जाय. माह्या डोयानं." आणि त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकून हात पुढे केला. बैलबाजारात असाच सौदा होतो. कापडाखाली बोटं धरायची, दाबायची, तोंडाने अवाक्षर नाही. मी हात आत घातला. त्यांनी माझी बोटं दाबली. मी त्यांची. माय म्हणाली, "पोरगी आहे थे, गोऱ्हा नाही." पण ती हसत होती.

बाबा यवतमाळला आले ते धुतलेल्या धोतरात, इस्त्रीच्या सदऱ्यात. मॅडमनी खुर्ची दिली, चहा मागवला. बाबांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत गेल्या हंगामातला, जपून ठेवलेला, सगळ्यात उजवा कापूस. "म्याडम, यातला दाखवा."

मीही हेच केलं होतं. पण माझ्या चुकीला मॅडम हसल्या होत्या, बाबांना हसल्या नाहीत. त्यांनी तो धागा काचेवर ठेवला आणि म्हणाल्या, "पाहा काका."

बाबांनी पाहिलं. "दोरी दिसते पिळलेली. दाणा कुठी आहे?"

"तो मेला आता," मी म्हणाले.

"व्वा! माह्या कापसात आला तवा मेला!"

मग मी माझ्या ओळीतली बोंडं काढली. रंगवलेली एकेक काच त्यांना दाखवली. पांढरं फूल, लाल फूल, गळालेलं फूल. ते एकेकीत पाहत आणि डोळा पुसत. "हा तं उभा आहे. चढते कुठी?"

"हे आजचं, हे कालचं, हे त्याच्या आदलं..."

"हे तीन येगयेगळे धागे झाले. एकच माणूस चालला कशावरून? तीन माणसं तीन ठिकानी उभी राह्यली असतीन." मॅडम माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे त्यांचा." मला राग आला आणि अभिमानही वाटला.

म्हणून मॅडमनी जिवंत धागा पाण्यात ठेवला. बाबांनी डोळा लावला. सुरुवातीला त्यांची मान ताठ होती, मग खांदे सैल झाले, मग एक हात टेबलावर आला. त्यांचा श्वास ऐकू येत होता. बाहेर मधली सुट्टी झाली, पोरं ओरडत जिन्यावरून गेली, चहावर साय धरली. ते हलले नाहीत. एकदा त्यांचं बोट टेबलावर आपोआप थोडंसं पुढे सरकलं, जसं बाजारात चालणाऱ्या बैलाचा पाय पाहताना सरकत असे. माझा सगळा जीव त्या बोटात होता.

ते उठले. दुपट्ट्याने तोंड पुसलं. "मले काई दिसलं नाही," ते म्हणाले. "येतो म्याडम."

बसस्टँडवर मी त्यांना सगळ्या लोकांदेखत बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. आलुबोंड्याच्या गाड्यावरचा माणूस कढईत झारा धरून बघत राहिला. बाबा शांतपणे म्हणाले, "खातं का एक?" मी खाल्ला नाही. त्यांनी दोन घेतले, दोन्ही कागदात बांधून दिग्रसपर्यंत मांडीवर ठेवले, आणि घरी गेल्यावर मायला दिले.

आज माझ्या दुकानात नियम आहे. कुणी मान डोलावली, हात दाबला, "हो ना काकू" म्हणून हसला, की मी म्हणते, तोंडाने बोल, चार लोकांसमोर बोल. लोक म्हणतात म्हातारी खडूस आहे. असू दे. शिकून पोटापुरतं जे कमावलं असतं ते न शिकता कमावलं, एका खोक्यात बियाण्याच्या पिशव्या ठेवून सुरुवात केली, कुणाच्या बापाचा आधार नाही घेतला, माझ्यासुद्धा. पण माझी नात हैदराबादला पेशींवरच काम करते आणि तिने मागच्या महिन्यात मला फोनवर एक चित्रफीत दाखवली. काळ्या अंधारात हिरवे चमकणारे तंतू, आणि त्यांच्या मधे केंद्रक, इकडून ओढलं जातं, तिकडून ओढलं जातं. "आजी, पेशीच्या आत असे धागे असतात, त्यांवरून चालणारे इवले इवले हमाल असतात. ते दोन्हीकडून ओढतात. ओढ जिथे जमते तिथे केंद्रक थांबतं."

"म्हणजे घासाघीस," मी म्हणाले.

ती खूप हसली. "कापसाच्या धाग्यात नेमकं कसं होतं ते अजून पुरतं कुणी सांगू शकत नाही हं," ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि दुकान उघडायला उशीर केला. एवढ्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. मला खुर्चीवर बसून एकाच माणसाला हे सांगावंसं वाटत होतं, आणि तो जाऊन किती पावसाळे झाले.

कारण हे उत्तर बाबांनाच हवं होतं. सांगते.

त्या दिवशी यवतमाळहून आल्यावर बाबा आणि मी बोलत नव्हतो. वेचणीची वेळ आली. आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. पऱ्हाटीच्या झाडाखाली लहान दगड मांडायचे, कुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग बायांनी ओटी बांधून वेचायला लागायचं. त्या वर्षी मायने मलाच पुजेला बसवलं. दहीभाताचा आंबट-गोड घास तोंडात होता, बाया पुढे गेल्या होत्या, माय त्यांच्यामागे, आणि बाबा माझ्या धुऱ्याच्या ओळीपाशी उभे होते. अजून तिथे थोडी फुलं होती.

"विमे," ते म्हणाले. किती दिवसांनी त्यांनी मला हाक मारली होती. "तो दाणा शेंड्यापर्यंत काहून जात नाही वं? मधातच काहून थांबते?"

रंगवलेल्या काचांवर दिसलं होतं तेवढ्यावरून हे कुणी विचारलं नसतं. तिथे त्यांना दाणा नुसता उभा दिसला होता. थांबणं त्यालाच दिसतं, ज्याने आधी चालणं पाहिलं.

"तुमाले तं काई दिसलं नव्हतं!"

कळलं त्यांना, की काय बोलून बसलो. मी पुढे गेले. "मंग सौदा झाला. मी नागपूरले जातो."

"बोली एकदाच होते, विमे. तवा मोडली थे मोडली."

"खोटं बोलून मोडली तुमी!"

"हो," ते म्हणाले. एवढंच. पण मी त्या 'हो'च्या बळावर नागपूरला जाऊ शकले नाही, कारण त्यानंतर ते मागे हटलेच नाहीत. त्या उन्हाळ्यात नाही, पुढच्या नाही. फार नंतर, बाबा गेल्यावर, माय एकदा तूर निवडता निवडता म्हणाली, "तुह्या बापाले दिसलं नसतं ना, तं जाय म्हनला असता. वर्षात कटाळून आली असती तू. दिसलं, आन तू मंग परत येत नाही हे समजलं, म्हनूनच नाही म्हनला." मी तिच्याशी भांडले. तिने तूर निवडायची थांबवली नाही.

त्या दिवशी शेतात मात्र एवढंच झालं की मी वळले. मागून ते म्हणाले, "मंग काहून थांबते थे तरी सांग."

"मले नाही माहीत. माहीत करून घ्याले तुमी जाऊ नाही दिलं."

आणि मग या माणसाने, ज्याने जन्मभर स्वतः एक फूल तोडलं नव्हतं, खाली वाकून त्या दिवशीचं पांढरं फूल देठासकट खुडलं आणि माझ्यापुढे धरलं. "घे," ते म्हणाले. "म्याडमकडे ने. पाहून सांग." त्यांचा हात खूप वेळ तसाच होता. मी घेतलं नाही. मी धुऱ्याधुऱ्याने घराकडे चालत राहिले आणि मागे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी माय विहिरीवर सदरे धूत होती. तिने बाबांच्या खिशात हात घातला आणि काहीतरी तांबडं, चुरगळलेलं बाहेर काढलं. "अवं माय!" ती ओरडली. "हे पऱ्हाटीचं फूल कोनं तोडलं?"

बाबा ओसरीवर बैलाची वेसण विणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"म्या," ते म्हणाले.